माऊस बाजूला ठेवून ऐकताना : ध्वनिफाईल, प्लेयर आणि कळफलक

वास्कोहून निघालेली गाडी लोंढा आणि धारवाड मागे टाकून हुबळीच्या दिशेने धावू लागली की नवलूर, अमरगोळ, उणकल अशी छोटी स्थानके लागतात. अमरगोळची ओळख सांगितली जाते ती तेथील बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आणि चालुक्यकालीन बनशंकरी मंदिर यांच्यामुळे. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला मात्र हा सारा पट्टाच वेगळ्या कारणाने जवळचा वाटतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे मन्सूर गाव धारवाडजवळ, सवाई गंधर्वांचे कुंदगोळ हुबळीजवळ, गंगूबाई हनगल यांचे वास्तव्य हुबळीत आणि भीमसेन जोशी गदगचे. गोव्याशी या मातीचे नाते केवळ रेल्वेचे नाही. केरीच्या केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ व बुर्जी खाँ यांच्याकडे.

हे गाणे आज नव्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते बहुतांशी ध्वनिफाईलच्या रूपाने. कुणाच्या पेनड्राइव्हवर खासगी मैफिली असतात, कुणाच्या संगणकावर आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे. ती नुसती वाजवायची तर एक क्लिक पुरते. शिकण्यासाठी ऐकणे ही निराळी गोष्ट आहे. एखादी तान वीस वेळा ऐकावी लागते; समेवर गायक कसा आला हे कळण्यासाठी चार सेकंद मागे जावे लागते, पुन्हा मागे, पुन्हा मागे. येथे माऊस कमी पडतो, आणि तो का कमी पडतो हे साध्या हिशेबाने कळते.

प्लेयरच्या तळाशी असलेली सरकपट्टी संगणकाच्या पडद्यावर साधारण १,००० पिक्सेल लांब आहे असे धरू. ७८ गतीच्या जुन्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांची, म्हणजे २१० सेकंदांची. तेथे एक पिक्सेल म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. माऊसने हवे ते ठिकाण गाठता येते. एका तासाच्या मैफिलीत मात्र एक पिक्सेल म्हणजे ३.६ सेकंद. हात किंचित हलला की दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो, आणि द्रुत लयीतील तान तेवढ्यात येऊन निघूनही गेलेली असते. कळफलकावरील शॉर्टकटला फाईलच्या लांबीशी देणेघेणे नसते. तीन सेकंदांची उडी साडेतीन मिनिटांच्या तबकडीतही तीन सेकंदांची आणि तीन तासांच्या मैफिलीतही तीन सेकंदांचीच. पुस्तकातील ओळ पुन्हा वाचण्यासाठी जसे बोट मागे नेता येते, तसे ध्वनिमुद्रणात मागे जाण्याची सोय या कळांनी होते.

व्हीएलसीच्या कळा

या कामासाठी सर्वांत सोयीचा प्लेयर व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आकाराला आला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. तो विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि जवळपास कोणत्याही प्रकारची फाईल तो उघडतो. पुढील कळा विंडोज संगणकावरील आहेत.

स्पेस बार दाबला की फाईल थांबते, पुन्हा दाबला की तेथूनच पुढे चालू होते. उड्यांसाठी डावा आणि उजवा बाण. शिफ्टसह बाण दाबल्यास ३ सेकंद, अल्टसह १० सेकंद, कंट्रोलसह १ मिनिट आणि कंट्रोल व अल्ट दोन्ही दाबून ५ मिनिटे. डावा बाण मागे नेतो, उजवा पुढे. एवढ्या चार जोड्या बोटांत बसल्या की निम्मे काम झाले. आलाप संपून बंदिश कोठे सुरू होते हे शोधायचे असेल तर आधी पाच मिनिटांच्या उड्या, मग एका मिनिटाच्या, शेवटी तीन सेकंदांच्या. मोठ्या वाटेवरून गल्लीत आणि गल्लीतून दारात यावे तसे. नेमकी वेळ आधीच ठाऊक असेल तर कंट्रोल आणि टी दाबावे. लहान खिडकी उघडते, तीत तास-मिनिट-सेकंद लिहून एंटर केले की फाईल तेथे पोहोचते. ही वेळ वहीत टिपून ठेवण्याची सवय फार उपयोगाची.

आवाज वाढवण्या-कमी करण्यासाठी कंट्रोलसह वरचा व खालचा बाण, आवाज पूर्ण बंद करण्यासाठी एम, पुढच्या फाईलसाठी एन, मागच्यासाठी पी. एल या कळीने पुनरावृत्ती चालू-बंद होते.

गती बदलणाऱ्या कळांवर थोडे थांबायला हवे, कारण संगीताच्या विद्यार्थ्यासाठी खरा लाभ तेथे आहे. उघडणारा चौकोनी कंस दाबला की गती थोडी कमी होते, बंद होणारा कंस दाबला की थोडी वाढते आणि बरोबरचे चिन्ह दाबले की मूळ गती परत येते. पूर्वी टेप किंवा तबकडी हळू फिरवली की स्वर खाली उतरत असे. काळी चारचे गाणे भलत्याच पट्टीत ऐकू येई आणि त्यावर सूर लावणे अशक्य होई. व्हीएलसी गती कमी करताना स्वराची उंची कायम ठेवतो. तानपुरा मूळ पट्टीत लावून तीन-चतुर्थांश गतीने चाललेल्या तानेबरोबर गाता येते. फार हळू केले तर मात्र आवाज विस्कटतो, मींड दाणेदार ऐकू येऊ लागते. अर्ध्या गतीच्या खाली जाण्यात अर्थ नाही.

एकच तुकडा सलग घोटायचा असेल तर दृश्य मेनूतून प्रगत नियंत्रणे चालू करावीत. तेथे अ ते ब अशी पुनरावृत्ती करणारे बटण मिळते. पहिल्यांदा दाबल्यावर आरंभ ठरतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर शेवट, आणि तेवढाच भाग फिरत राहतो.

मराठीत टंकन करणाऱ्यांना येथे हमखास नडणारी एक गोष्ट आहे. संगणकाचा कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर असेल तर एम, एन, एल यांसारख्या अक्षरांच्या कळा अनेकदा चालतच नाहीत, कारण प्लेयरपर्यंत इंग्रजी अक्षराऐवजी देवनागरी वर्ण पोहोचतो. बाण आणि स्पेस बार मात्र चालतात. त्यामुळे प्लेयर बिघडला असा समज होतो. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबून भाषा बदलली की अडचण सुटते. ज्यांना सतत भाषा बदलणे जाचते त्यांनी प्लेयरच्या पसंती विभागातील हॉटकीजमध्ये जाऊन हव्या त्या कामासाठी एफ मालिकेतील कळा नेमून घ्याव्यात.

जुन्या विंडोज मीडिया प्लेयरमध्ये कळा निराळ्या आहेत. तेथे कंट्रोल आणि पी दाबून थांबवणे व चालू करणे, एफ ७ ने आवाज बंद, एफ ८ ने कमी, एफ ९ ने अधिक. यूट्यूबवर ऐकणाऱ्यांसाठी के ही थांबवण्याची कळ, तर जे आणि एल या दहा सेकंद मागे-पुढे जाण्याच्या. १९९७ मध्ये आलेल्या विनॅम्पची आठवण अनेकांना असेल. त्याच्या मुख्य पाच आज्ञा कळफलकाच्या तळच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही, बी अशा ओळीने मांडलेल्या होत्या. इतकी सुटसुटीत मांडणी नंतरच्या प्लेयरांत क्वचितच दिसली.

पडदा न पाहता

दिसणाऱ्या माणसासाठी शॉर्टकट ही सोय आहे. न दिसणाऱ्यासाठी तेच दार आहे. माऊसचा बाण कोठे आहे हे ज्याला दिसत नाही त्याला सरकपट्टीचा काहीच उपयोग नाही. हुबळीच्या पूर्वेला असलेल्या गदगमध्ये हा विषय विशेष अर्थाने जिवंत आहे. स्वतः दृष्टिहीन असलेले गानयोगी पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई यांनी वीरेश्वर पुण्याश्रमात दृष्टिहीन मुलांना संगीत शिकवण्याची परंपरा उभी केली. पुट्टराज गवई यांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अशा परंपरेतून आलेल्या गायकाला उद्या संगणकावर मैफिली ऐकायच्या असतील तर त्याच्या हाती काय हवे, हा प्रश्न तांत्रिक असला तरी किरकोळ नाही.

पहिली गरज पडदावाचकाची, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीची. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य मिळतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी, कन्नड आणि कोकणी उच्चारांचीही सोय आहे. उच्चार यांत्रिक आहेत. फाईलचे नाव समजण्यापुरते ते पुरेसे ठरतात.

दुसरी गरज अशी की पडदावाचकाने गाण्यावर बोलू नये. इन्सर्ट ही एनव्हीडीएची मुख्य कळ. नुसते कंट्रोल दाबले की चालू असलेले बोलणे थांबते. इन्सर्ट, शिफ्ट आणि डी दाबत गेल्यास पडदावाचक बोलताना मागचे संगीत हळू व्हावे की नाही हे ठरवता येते. ही सोय एनव्हीडीए संगणकावर रीतसर बसवलेला असेल तरच मिळते. इन्सर्ट, शिफ्ट आणि एस दाबल्यास त्या प्लेयरपुरता पडदावाचक झोपी जातो आणि तीच कळ पुन्हा दाबली की जागा होतो. विलंबित ख्यालाच्या मध्यावर यंत्राने वेळ सांगायला सुरुवात करू नये एवढ्यासाठी तरी ही कळ पाठ हवी.

फाईलचे नाव हेही दृष्टिहीन श्रोत्यासाठी दारावरची पाटी असते. ‘ट्रॅक ०१’ अशा नावांच्या पन्नास फाईली म्हणजे पन्नास बंद दारे. गायक, राग आणि ताल या क्रमाने नाव दिले तर फोल्डरमध्ये पहिली अक्षरे टाइप करताच संगणक त्या फाईलपाशी नेतो. एफ २ दाबून नाव बदलावे. बदलून झाल्यावर एंटरऐवजी टॅब दाबल्यास पुढच्या फाईलचे नाव थेट बदलता येते.

उड्या चुकतात तेव्हा

कधी कधी १० सेकंदांची उडी मारूनही गाणे भलतीकडे जाते किंवा दाखवलेली वेळ आणि प्रत्यक्ष ठिकाण जुळत नाही. दोष बहुधा फाईलचा असतो. बदलत्या बिटरेटने बनवलेल्या एमपी ३ फाईलमध्ये प्रत्येक सेकंदाने व्यापलेली जागा सारखी नसते. फाईलच्या आरंभी योग्य नोंद नसेल तर प्लेयर अंदाजाने उडी मारतो. अभ्यासासाठीची ध्वनिमुद्रणे स्थिर बिटरेटने किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवावीत. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाईलला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. फ्लॅकमध्ये ध्वनीचा कणही न गमावता त्याहून बरीच कमी जागा पुरते, तर १२८ केबीपीएस एमपी ३ ला जेमतेम १ एमबी.

गोव्यातील अनेक घरांत आजीच्या ओव्या, धालोची गीते, एखाद्या वृद्ध कलावंताची मुलाखत मोबाईलवर मुद्रित केलेली असते आणि ती ऐकून लिहून काढायचे राहून जाते. एका तासाचे बोलणे लिहायला चार-पाच तास सहज लागतात, आणि त्यातील मोठा वेळ हात कळफलकावरून माऊसकडे व माऊसवरून परत नेण्यात जातो. अशा कामासाठी ऑडॅसिटी हा विनामूल्य कार्यक्रम अधिक योग्य. फाईल चालू असताना कंट्रोल आणि एम दाबले की त्या क्षणी खूण उमटते आणि तिच्यात देवनागरीत शब्द लिहिता येतो : ‘ओवी दुसरी’, ‘लग्नाची हकिकत’, ‘शब्द अस्पष्ट’. जुन्या आवृत्त्यांत वाजवण्याची गती बदलली की स्वरही बदलतो. बोलणे लिहून काढताना त्याने बिघडत नाही, गाण्यासाठी मात्र टेम्पो बदलण्याचा परिणाम वापरावा. काम संपल्यावर सर्व खुणा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये निर्यात करता येतात. तीत प्रत्येक खुणेची वेळ सेकंदांत आणि पुढे लिहिलेले शब्द येतात. ही फाईल मूळ ध्वनिमुद्रणाच्या शेजारी, त्याच नावाने ठेवावी.