माळावरचे विद्यापीठ

नोव्हेंबर 1962 चा तिसरा आठवडा देशाला जड गेला. ईशान्य सीमेवर युद्ध पेटले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीचे बोलावणे आले होते आणि 21 तारखेला त्यांनी तिथे शपथ घेतली. याच धामधुमीत, 18 नोव्हेंबरला, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. समारंभ पुढे ढकलायला निमित्त हवे असते, तर त्याहून मोठे निमित्त मिळाले नसते.

त्या दिवशी विद्यापीठाच्या पदरी 34 महाविद्यालये आणि सुमारे 14 हजार विद्यार्थी होते. कार्यक्षेत्र मात्र ऐसपैस होते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी, कोकणातल्या रत्नागिरीपासून दुष्काळी सोलापूरपर्यंत ते पसरले होते. जागा मिळाली ती शहराबाहेरच्या माळावर, 853 एकर. मुरूम, कातळ आणि उन्हाळ्यात पिवळे पडणारे कुसळी गवत, एवढाच या जमिनीचा ऐवज होता.

विद्यापीठाची मागणी त्याआधी बरीच वर्षे होत होती. राजाराम कॉलेज 1880 पासून उभे होते, पण पदवी मुंबईची आणि 1949 नंतर पुण्याची. परीक्षेचा निकाल असो की अभ्यासक्रमातला बदल, पत्रे दुसऱ्या गावाहून यायची. दक्षिण महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ हवे, हा आग्रह बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांसारख्यांनी धरून ठेवला. आज विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे.

मागणीमागे राजर्षी शाहूंच्या काळापासूनची पुण्याई होती. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. त्या शाळांतून शिकलेल्यांची मुले-नातवंडे आता कॉलेजच्या दारात उभी होती. तत्कालीन शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांनी वार्षिक 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी दिली. ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी ती सवलत खेडोपाडी पोचली. ती नसती तर विद्यापीठाचे वर्ग भरायला कदाचित आणखी एक पिढी लागली असती. चव्हाण आणि देसाई हे दोघेही विद्यार्थी म्हणून कोल्हापुरात राहिलेले, तेव्हा या शहराची नड त्यांना वेगळी सांगावी लागली नाही.

नावाविषयी एक गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. लांबलचक नाव ठेवले की लोक त्याची आद्याक्षरे करतात आणि मूळ नाव मागे पडते, बडोद्याच्या विद्यापीठाचे तसेच झाले, म्हणून इथे मुद्दाम ‘शिवाजी विद्यापीठ’ असे सुटसुटीत नाव ठेवले. गोष्टीचा कागदोपत्री पुरावा कुणी मागत नाही. नाव मात्र खरोखरच साठ वर्षांत कुणाला आखूड करता आलेले नाही.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे मुळात इतिहाससंशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांच्या संपादनाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. 1975 पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, त्यांनी विद्यापीठाची घडी बसवली. विभाग उघडायचे, अध्यापक मिळवायचे, इमारती उभ्या करायच्या आणि त्याच वेळी माळावर झाडे जगवायची, ही सगळी कामे एकाच तुटपुंज्या पैशातून करायची होती. खेड्यातून येणाऱ्या मुलाकडे मेसचे पैसे नसत. त्यासाठी ‘कमवा आणि शिका’ योजना आली. विद्यार्थ्याने दिवसातले काही तास विद्यापीठातच काम करायचे, उरलेल्या वेळात शिकायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही रीत पदव्युत्तर वर्गापर्यंत आली. पुढचे कुलगुरू बॅरिस्टर पी. जी. पाटील तर कर्मवीरांच्याच मुशीतले. महात्मा फुल्यांचे लेखन इंग्रजीत नेण्याचे मोठे काम पुढे त्यांच्या हातून झाले.

वाढीबरोबर वाटणीही आली. कोकणातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे गेली. 2004 मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. आता कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे उरले. उत्पन्न घटले, कारण संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कावर बराच डोलारा उभा असतो. तरीही याच तीन जिल्ह्यांत आज अडीचशेहून अधिक महाविद्यालये विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

या वाटचालीत सर्वांत सावकाश आणि सर्वांत पक्के झालेले काम पाण्याचे. माळाला उतार होता. पावसाचे पाणी पडायचे आणि वाहून जायचे. ते अडवायला बांध घातले, तळी केली, विहिरींचे पुनर्भरण झाले. डॉ. एन. जे. पवार यांच्यासारखे भूजलाचे अभ्यासक कुलगुरूपदी आल्यावर या कामाला शास्त्राची जोड मिळाली. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाणलोटाचे प्रात्यक्षिक करायला गाडी करून कुठे जावे लागत नाही, वर्गातून बाहेर पडले की तो पाणलोटातच उभा असतो. 2019 च्या महापुरात शहराची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. त्या दिवसांत टँकर भरण्यासाठी विद्यापीठाच्या आवारात येत होते. ज्या जमिनीवर कुसळे उगवत होती, तिने शहराची तहान भागवली.

पाण्यामागोमाग हिरवाई आली आणि हिरवाईमागोमाग मोर. वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती लावल्या गेल्या. डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांवर केलेले काम जगभरच्या वनस्पतितज्ज्ञांना ठाऊक आहे. खेड्यात या वेलीला खरपुडी म्हणतात आणि तिचे कंद उकरून खातात. जातच नामशेष होऊ लागल्याचे एक कारण तेही आहे. त्या कंदांपासून रोपे करून ती वाढवणे, पुन्हा डोंगरात लावणे, असे हे काम. त्याला प्रसिद्धी बेताची मिळते आणि वेळ फार लागतो.

भाषांची कहाणी वेगळी आहे. कोल्हापुरात परदेशी भाषा शिकून करायचे काय, हा प्रश्न पालक अजून विचारतात. त्याचे एक उत्तर विद्यापीठाच्या नावातच आहे. शिवछत्रपतींच्या दक्षिण दिग्विजयाच्या काळातल्या घडामोडी फ्रेंच वखारीचा अधिकारी फ्रान्स्वा मार्टिन याने आपल्या रोजनिशीत नोंदवल्या आहेत. मराठ्यांविषयीचे पोर्तुगीज कागद गोव्यात आहेत, डच कागद हेगला. फ्रेंच किंवा पोर्तुगीज न येणाऱ्या इतिहासकाराला हे सारे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. परदेशी भाषा विभागात रशियन, जर्मन, जपानी अशा भाषांचे वर्ग चालतात. रशियनमधून थेट मराठीत, इंग्रजीची कुबडी न घेता, अनुवाद करणारे हात तिथे घडले, डॉ. मेघा पानसरे यांचे काम त्याची साक्ष आहे. वर्ग लहान असतात. प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला कधी बँकेतला कारकून येतो, कधी औद्योगिक वसाहतीतला अभियंता, कधी बारावी झालेली मुलगी. पदवीच्या चौकटीत न बसणाऱ्या अशा शिकणाऱ्यांना दार उघडे ठेवणे हेही विद्यापीठाचेच काम, आणि ते झाले पाहिजे त्या मानाने अजून कमी झाले आहे.

भूगोल विभागाने नकाशाची सारी पिढी बदलताना पाहिली. सुरुवातीला शाई, ट्रेसिंग पेपर आणि प्लेन टेबल. नंतर उपग्रहचित्रे आली, संगणक आले, आणि भूमाहितीशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. या विषयात येणाऱ्या बहुतेक मुलांनी नकाशा पहिल्यांदा पाहिलेला असतो तो तलाठ्याच्या चावडीत, बांधाचा वाद असताना. गट नंबर, शीव, पाणंद, ओढा हे शब्द त्यांना पुस्तकाआधी माहीत असतात. संगणकावर तोच गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवताना ओढ्याने पात्र कुठे बदलले, गायरान कुठे आक्रसले, हे त्यांच्या लगेच ध्यानात येते. शहरी मुलाला ते शिकवावे लागते.

कोल्हापूरला या विद्येची गरज पंचगंगेने पटवून दिली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाण्याने 55 फुटांची खूण ओलांडली. पूररेषा कुठून काढायची, त्या रेषेच्या आत किती घरे, कोणती शेते, कोणते रस्ते, हे प्रश्न आता परीक्षेपुरते राहिलेले नाहीत. त्यांना पर्यावरणशास्त्र एका बाजूने भिडते, भूगोल दुसऱ्या बाजूने, आणि दोघांची गाठ बऱ्याचदा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात पडते.

2021 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने विद्यापीठाला 3.52 गुणांसह ‘ए प्लस प्लस’ श्रेणी दिली. बातमी आली त्या दिवशी कोल्हापूरकरांनी ती कुस्तीच्या निकालासारखी एकमेकांना सांगितली. श्रेय अर्थातच एकट्यादुकट्याचे नव्हते. कुलगुरू, अध्यापक, प्रयोगशाळेतले परिचर, परीक्षा विभागात रात्री उशिरापर्यंत निकाल लावणारे कर्मचारी आणि साठ वर्षे झाडांना पाणी घालणारे माळी, असे सगळे त्यात होते. त्या माळ्यांच्या हाताखाली ‘कमवा आणि शिका’तल्या मुलांच्या किती तुकड्या राबल्या, याची मोजदाद कोणत्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात नाही. त्यांतली अनेक मुले आज याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकवतात, आणि जून उजाडला की आपल्या गावातल्या एखाद्या पोराला प्रवेशाचा अर्ज भरायला सोबत घेऊन येतात.