ल्युसिल बॉल

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेला घाट देणाऱ्या अभिनेत्री व निर्मात्या. जन्म ६ ऑगस्ट १९११, जेम्सटाउन (न्यूयॉर्क राज्य). वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. १९३३ पासून त्या हॉलिवूडमध्ये किरकोळ भूमिका करीत. ‘स्टेज डोअर’ (१९३७) आणि ‘द बिग स्ट्रीट’ (१९४२) यांतील त्यांचा अभिनय वाखाणला गेला. तरी पहिल्या फळीतील नायिकेचे स्थान त्यांना लाभले नाही.

ते दूरचित्रवाणीने दिले. क्यूबात जन्मलेले संगीतकार देसी आर्नाझ हे १९४० पासून त्यांचे पती. मालिकेतही तेच पती हवेत, असा आग्रह त्यांनी धरला. परदेशी उच्चारांचा नायक प्रेक्षक स्वीकारतील काय, अशी सीबीएस वाहिनीला शंका होती. दोघांनी रंगमंचावर जोडीने प्रयोग करून ती दूर केली. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली. प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण झाल्याने तिचे पुनःप्रक्षेपण सुलभ झाले. बॉल यांचे गरोदरपण कथेत आले; मात्र तो शब्द वाहिनीने उच्चारू दिला नाही.

१९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन त्या ‘देसिलू’ स्टुडिओच्या प्रमुख झाल्या. ‘स्टार ट्रेक’ व ‘मिशन : इम्पॉसिबल’ (दोन्ही १९६६) या मालिका त्यांच्याच कारकीर्दीत आल्या. १९६७ मध्ये त्यांनी स्टुडिओ विकला. २६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.