शेरलॉक होम्सची सोयरीक



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येता ते राजे, लढाया आणि तह ह्यांच्या अपेक्षेने. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो मनुष्य कधी जन्मालाच आला नाही. लंडन शहरातील बेकर स्ट्रीट, घर क्रमांक २२१ ब, हा त्याचा पत्ता. पण सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांनी त्याच्या गोष्टी लिहावयास घेतल्या तेव्हा त्या रस्त्यावर एवढ्या क्रमांकाचे घरच नव्हते. असे असूनही ह्या न जन्मलेल्या माणसाच्या लग्नाची काळजी लोक सव्वाशेहून अधिक वर्षे वाहत आले आहेत. माणूस खोटा असेल, पण काळजी खरी आहे. आणि ती वाहणारी माणसेही खरी. त्या माणसांचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

स्थळ सुचवावयाचे म्हटले म्हणजे आधी वराचे गुणदोष पाहावे लागतात. शेरलॉक होम्स प्रथम अवतरला १८८७ साली. आपल्याकडे भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे तो अनेक घरांतल्या मुलांच्या ओळखीचा झाला. ह्या वराची तंबाखू असते इराणी सपातेच्या टोकात, चिरूट कोळशाच्या बादलीत, आणि उत्तर न दिलेली पत्रे शेकोटीवरच्या फळीत चाकू खुपसून अडकवलेली. लहर लागली म्हणजे हा गृहस्थ आरामखुर्चीत बसून समोरच्या भिंतीवर पिस्तूल झाडतो आणि गोळ्यांच्या खुणांनी महाराणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे कोरतो. काम नसले म्हणजे कोकेन टोचून घेतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि कळल्यावर ती विसरण्याचा निश्चय त्याने बोलून दाखवला. जमेची बाजू म्हणजे फिडल उत्तम वाजवतो. एवढ्या भांडवलावर मुलगी कोण देईल?

वाचक मात्र देऊ लागले. तसे करण्याचे निमित्त डॉइल ह्यांनीच पुरविले. १८९१ च्या जुलैत ‘स्ट्रँड’ मासिकात बोहेमियाच्या राजाची गोष्ट आली. तीतली आयरीन ॲडलर ही अमेरिकेत जन्मलेली गायिका. राजाचे तिच्याबरोबरचे छायाचित्र मिळविण्यासाठी होम्स वेषांतर करून तिच्या पाळतीवर राहतो, आणि होते काय? गॉडफ्रे नॉर्टन नावाच्या वकिलाशी ती घाईघाईने लग्न लावते तेव्हा साक्षीदार म्हणून नेमका वेषांतरित होम्सच ओढला जातो! पुढे ती पुरुषाच्या वेषात त्याच्याच दारापर्यंत येऊन त्याला शुभरात्री म्हणून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो पोहोचण्यापूर्वी पतीसह देश सोडते. राजाने देऊ केलेली अंगठी नाकारून होम्स तिची एक तसबीर तेवढी मागून घेतो. वॉटसनने आरंभीच बजावून ठेवले आहे की हे प्रेम नव्हे. परंतु तसबीर मागून घेतली ह्या एका गोष्टीवर केवढे ग्रंथ उभे राहिले! ही बाई फक्त एका गोष्टीत प्रत्यक्ष येते, आणि त्या गोष्टीत ती दुसऱ्याशी लग्न करते. आपल्याकडचा एखादा चिवट मध्यस्थसुद्धा अशा स्थळाचा नाद सोडून देईल.

डॉइल स्वतः ह्या बाबतीत बेपर्वा होते. १८९१ मध्येच होम्सला संपवावे असे त्यांच्या मनात आले होते. तेव्हा त्यांच्या आईने अडविले म्हणून तो वाचला. १८९३ च्या डिसेंबरात मात्र त्यांनी त्याला धबधब्यात लोटून दिलेच. पुढे विल्यम जिलेट हा अमेरिकन नट होम्सवर नाटक रचू लागला. होम्सचे लग्न लावू का, असे त्याने तारेने विचारले. लग्न लाव, नाहीतर मारून टाक, काय वाटेल ते कर, अशा आशयाचे उत्तर डॉइल ह्यांच्याकडून गेले. १८९९ साली ते नाटक न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले, आणि त्याच्या अखेरीस होम्स नायिकेच्या प्रेमात पडला. बापाने हात झटकले की मुलाचे लग्न गाव लावते, तशातलाच हा प्रकार.

वॉटसनच्या संसाराची कथा ह्याहून गमतीची आहे. १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’ ह्या कादंबरीत तो मेरी मॉर्स्टनच्या प्रेमात पडतो. ती हिंदुस्थानातील पलटणीतल्या एका कॅप्टनची मुलगी, आणि १८५७ च्या धामधुमीत आग्र्यास लुटलेल्या जडजवाहिरांत तिचा वाटा निघणार असतो. एवढ्या श्रीमंत मुलीस आपण काय मागणी घालावी म्हणून वॉटसन गप्प राहतो. ते जवाहीर टेम्स नदीच्या तळाशी जाते, आणि मगच तो तोंड उघडतो. आपल्याकडे हुंडा बुडाला म्हणजे लग्न मोडते. येथे बुडाला म्हणून जुळले!

पण पुढे डॉइल ह्यांच्या लेखणीने घोळ घातला. लग्न ठरते १८८८ च्या सुमारास. आणि १८८७ च्या सप्टेंबरात घडलेली म्हणून सांगितलेल्या गोष्टीत वॉटसनची बायको माहेरी गेलेली आहे. तीही आईकडे, जिची आई केव्हाच वारली होती! पुढच्या आवृत्तीत आईची मावशी करण्यात आली. एका गोष्टीत ही बायको जॉन वॉटसनला ‘जेम्स’ म्हणून हाक मारते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या गोष्टीत त्याला दुःखद वियोग झाल्याचे कळते, तर १९२६ सालच्या गोष्टीत होम्स स्वतः तक्रार करतो की वॉटसन आपल्याला टाकून बायकोकडे गेला. ही बायको कोण? तिचे नाव कोठेच नाही.

सामान्य वाचक ह्याला लेखकाची चूक म्हणून सोडून देईल. परंतु १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनल्ड नॉक्स ह्या तरुण विद्वानाने एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सक पंडितांची थट्टा करण्यासाठी त्याने त्यांचीच पद्धत होम्सच्या गोष्टींना लावली: कोणती गोष्ट अस्सल, कोणती प्रक्षिप्त. ज्ञानेश्वर एक की दोन, हा वाद आपल्याकडे गाजला. तसाच वॉटसन एक की दोन, हा प्रश्न होता. थट्टा नॉक्सची, पण लोकांना तिची गोडी लागली. चूक डॉइलची असे म्हणावयाचे नाही. डॉइल नव्हतेच, वॉटसनने लिहिलेले सर्व खरे, विसंगती दिसली तर ती उलगडावयाची, हा ह्या खेळाचा नियम ठरला. डोरोथी सेयर्स ह्या लेखिकेने ‘जेम्स’चे कोडे असे सोडविले: जॉनच्या पुढचे ‘एच’ म्हणजे ‘हेमिश’, आणि ते जेम्सचे स्कॉटिश रूप, बायको लाडाने त्याचे इंग्रजी करीत होती. माझ्या मते ह्या साऱ्या खटाटोपातले हे सर्वांत लोभस संशोधन होय, कारण त्यात एका घरातला खाजगी लाड ऐकू येतो.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ हे मंडळ निघाले. क्रिस्टोफर मॉर्ले हा लेखक त्याचा संस्थापक. वर्षातून एकदा मेजवानी, निबंध, वादविवाद. १९४१ च्या मेजवानीत रेक्स स्टाउट ह्या रहस्यकथाकाराने उभे राहून सांगितले की वॉटसन हा पुरुष नव्हेच, ती होम्सची बायको! गोष्टींच्या नावांची आद्याक्षरे जुळवून त्याने ‘आयरीन वॉटसन’ असे नाव काढून दाखविले. १९६२ साली विल्यम बेअरिंग-गूल्डने होम्सचे सबंध चरित्र प्रसिद्ध केले. त्यात वॉटसनची तीन लग्ने लावली, आणि होम्स व आयरीन ह्यांना माँटेनेग्रोमध्ये एकत्र आणून त्यांना एक मुलगाही दिला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. होम्सला कोणती स्त्री शोभेल हा प्रश्न ज्या मेजवान्यांत रंगे, त्या मेजवान्यांना स्त्रियांना प्रवेश नव्हता. आयरीनच्या स्मरणार्थ दर वर्षी एका बाईला बोलावीत, तिच्या नावाने पेला उंचावीत, आणि जेवणाची वेळ झाली की तिने निघून जावयाचे! १९६८ च्या जानेवारीत कनेक्टिकटमधील एका कॉलेजच्या काही विद्यार्थिनी हातांत फलक घेऊन मेजवानीच्या दारासमोर निदर्शने करीत उभ्या राहिल्या. थंडी न्यूयॉर्कची, जानेवारीची. दार त्या वर्षी उघडले नाही. त्यांनी आपले निराळे मंडळ चालविले, आणि जुन्या मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९९१ साली. वधूपरीक्षा चालली आहे आणि बायकांना मात्र ओटीवर येण्याची बंदी, हे चित्र आपल्याही माजघरांना अनोळखी नाही.

ह्या प्रश्नावर बायकांना काय म्हणावयाचे होते, ते सेयर्सबाईंनी फार आधी आपल्या लेखनातून दाखविले होते. त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी १९३० च्या कादंबरीत हॅरिएट व्हेन हिला फाशीपासून वाचवितो आणि मागणी घालतो. बाईंचा बेत होता की लग्न लावून पीटरला निरोप द्यावा. लिहिताना त्यांच्या ध्यानात आले की हे लग्न होऊ शकत नाही: जिने जीव वाचविल्याचे ऋण डोक्यावर घेतले आहे तिने बरोबरीच्या नात्याने होकार द्यावा कसा? १९३५ च्या ‘गॉडी नाइट’मध्ये ती ऑक्सफर्डला आपल्या बुद्धीच्या बळावर उभी राहते, आणि मगच होकार देते. पाच वर्षे लागली. गुण किती जुळतात ह्यापेक्षा दोघे एका पातळीवर उभे आहेत की नाही, हे ह्या बाईने पाहिले.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांनी आपल्या ब्योमकेशला इतका वेळ ताटकळत ठेवले नाही. एका खुनाच्या तपासात भेटलेली सत्यवती त्याची बायको होते, आणि मित्र अजित त्याच घरात राहतो. १९९३ साली बासू चटर्जींनी ती मालिका दूरदर्शनवर आणली तेव्हा रजित कपूरच्या ब्योमकेशसमोर सत्यवती झाली ती आपली सुकन्या कुलकर्णी. संसारी सत्यान्वेषी आमच्या प्रेक्षकांना अजिबात खटकला नाही.

ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९८४ ते १९९४ ह्या काळात होम्सचे ४१ भाग केले. गोष्टी चाळून होम्स-वॉटसनच्या सवयींची, खाण्यापिण्याची, पोशाखाची एक टिपणवहीच आधी तयार करण्यात आली. जेरेमी ब्रेटने त्या साऱ्या तऱ्हा अंगात मुरविल्या: एकाएकी हसणे, तितकेच एकाएकी गप्प होणे, हवेत बोटे फिरविणे, बसण्याच्या कोचावरून उडी मारणे. मंडळींनी लगेच वाद मांडला, की हा होम्स की ब्रेट? मला स्वतःला तो होम्सच वाटतो. अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळल्यावरसुद्धा. लग्नाच्या बाबतीत मालिकेने धाडस केले. १९८७ च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये मेरी येते आणि जाते, आणि वॉटसन बेकर स्ट्रीटलाच राहतो. मेरीच्या चाहत्यांना ते आवडले नाही. दोन मित्रांना एका छपराखाली ठेवणे मालिकेला सोयीचे होते, हे मान्य. तरी बाईच्या वाट्याचा संसार गेला तो गेलाच.

आणि एका बाईचे नाव ह्या सगळ्या चर्चेत माझ्या वाचनात क्वचितच आले. होम्सने आपल्या साऱ्या आयुष्यात लग्नाचे वचन दिले ते फक्त एकीला: मिल्वर्टन ह्या ब्लॅकमेल करणाऱ्या इसमाच्या घरातली मोलकरीण ॲगाथा. घरात शिरकाव व्हावा म्हणून एस्कॉट नावाचा नळकाम करणारा बनून होम्स तिच्याबरोबर संध्याकाळी फिरला, आणि वाङ्‌निश्चयही झाला. वॉटसनने, त्या मुलीचे काय, असे विचारले तेव्हा त्याने खांदे उडविले आणि म्हणाला की तिच्यावर डोळा ठेवणारा दुसरा कोणी आहेच. गोष्ट तेथून चोरीकडे वळते. गायिका आयरीनसाठी माँटेनेग्रोपर्यंत धाव घेणाऱ्यांना लंडनमधल्या ह्या मोलकरणीच्या दारात जावेसे फारसे वाटले नाही.

ग्रॅनाडाने १९९२ साली ती गोष्ट मोठी करून पडद्यावर आणली, आणि मूळ गोष्टीतले ते एकदोन संवाद वाढवून ॲगाथाला चेहरा दिला. सोफी थॉम्प्सन ती झाली आहे. नळकाम करणाऱ्याच्या वेषातला ब्रेट तिच्याजवळ उभा आहे. ती हसून जवळ येते, आणि ज्याला सिगारच्या राखेवरून माणूस ओळखता येतो त्याला आपले हात कोठे ठेवावेत ते कळत नाही.