बाबांच्या टॅक्सीचे रंग

मे महिन्यातला रविवार. अंगणातल्या आंब्याखाली १९५७ सालची मर्सिडीज १८० डी उभी आहे. स्टुलावर उभी राहून माझी नववीतली लेक वॉटरपेपर पाण्यात बुडवते आणि टपावर एकाच जागी गोल गोल घासते. सकाळपासून तेवढंच चाललंय. मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा पत्रा उघडा पडलाय आणि त्याच्याभोवती रंगांची कडी दिसू लागलीत, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशी. आधी प्रायमर, मग फिकट राखाडी-निळा, मग पिवळा, पुन्हा पिवळा, पुन्हा पिवळा... लेकीने वहीत मांडून ठेवलंय : पिवळे एकूण सहा.

कारकुनाच्या घरी मर्सिडीज म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, तेव्हा आधी तो खुलासा करतो. ही गाडी माझ्या बाबांची टॅक्सी. १९६९ साली त्यांनी ती वापरलेली विकत घेतली आणि पुढची पंचवीसेक वर्षं पणजी, म्हापसा, मडगाव अशी भाड्याने चालवली. आमचं घर, माझं बी.ए., बहिणीचं लग्न, सगळं हिच्या चाकांवर झालं. बाबा २०११ साली गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती, आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

पण गोव्यात टॅक्सी म्हणून मर्सिडीज, हे मुळात झालं कसं? लेकीने हाच प्रश्न विचारला आणि मला जाणवलं, की आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की आम्ही तो कधी विचारलाच नाही.

स्वातंत्र्यापूर्वी परदेशी मोटारी ब्रिटिश हिंदुस्थानातही येतच होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर मात्र भारत सरकारने धोरण बदललं. गाडी इथेच बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणार असाल तर नको. १९५४ च्या सुमाराला जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. उरल्या त्या कलकत्त्याकडची हिंदुस्थान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. सीमेपलीकडच्या माणसाला मोटार हवी असेल तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची.

आणि नेमक्या त्याच काळात इकडे मुरगाव बंदरात जहाजातून नव्या कोऱ्या गाड्या उतरत होत्या. जपानला जाणाऱ्या लोहखनिजाने गोव्यात पैसा आणला होता. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली. तेव्हा पोर्तुगीज सरकारने समुद्राची वाट आणखी मोकळी केली. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, आणि त्यांच्याबरोबर मोटारी. डिझेलवर चालणारी १८० डी त्यांतलीच एक. इंजिन १७६७ सी.सी., ताकद जेमतेम चाळीस-त्रेचाळीस अश्वशक्तीची, चढणीवर बैलगाडीशी स्पर्धा करील अशी. पण तेल कमी पिणारी आणि न थकणारी. युरोपातही हिच्या टॅक्सी झाल्या त्या याच गुणामुळे.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळाच्या आठवणी काढताना आपल्याकडे काही जणांचा गळा अजून दाटून येतो. काय ते चीज, काय त्या गाड्या! पण त्या गाड्या कुणाच्या दारात होत्या? खाणमालकांच्या, भाटकारांच्या, बड्या व्यापाऱ्यांच्या. त्याच वर्षांत आग्वादच्या किल्ल्यात आपली माणसं कोठडीत होती. माझ्या आजोबांनी मर्सिडीज पाहिली ती रस्त्याच्या कडेला उभं राहून, धूळ खात. असो.

आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आहे, यालाही एक गोष्ट आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. गोवा, मकाव आणि मोझांबिक मात्र डावीकडेच राहिले, कारण शेजारी सगळे डावीकडून जाणारे. लिस्बनचा हुकूम चालायचा, पण बांद्याहून येणाऱ्या गाडीला समोरासमोर धडकण्याइतका नाही.

१९ डिसेंबर १९६१ नंतर आयातीची ही वाट बंद झाली. 'इंडिया पोर्तुगेझा'च्या आय.पी.जी. पाट्या गेल्या, जी.डी. आल्या. सुटे भाग मिळेनात. बाबा सांगायचे, की मोठ्या घरांनी हळूहळू ॲम्बेसेडर आणि फियाट घेतल्या आणि जुन्या परदेशी गाड्या खाली उतरत उतरत टॅक्सीवाल्यांच्या हाती आल्या. जी गाडी भाटकाराला परवडेना ती ड्रायव्हरला परवडली, कारण ड्रायव्हर स्वतः तिच्याखाली झोपायला तयार होता. मिळेल तो भाग लेथवर घडवून घ्यायचा. स्टेअरिंगच्या एका बुशीवर अजून म्हापशाच्या लेथवाल्याच्या खुणा आहेत. पर्यटक येऊ लागल्यावर हीच मर्सिडीज त्यांचं कौतुक झाली. 'पात्रांव, मर्सिडीज?' असं बाबा गिऱ्हाइकाला विचारायचे ते ऐटीत.

आता रंगाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे.

मोटारीचा रंग ही आपण समजतो तेवढी जुनी गोष्ट नाही. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. थरावर थर व्हार्निश, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, एकेका गाडीला आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळायची. १९२३ मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा एक रंग बाजारात आणला, जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांवर मारला, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्या रंगाचं नाव ड्युको. आज शंभर वर्षांनी आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात जा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पेंटर म्हणणार 'ड्युको मारूया'. कंपनीचं नाव विसरलं, रंगाचं टिकलं.

ड्युकोची रीत अशी. तो ब्रशने मारता येत नाही. इतक्या पटकन वाळतो की ब्रशचा दुसरा फटकारा पहिल्याला ओढून काढतो. त्याला स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर हवाच. हवा दमट असेल तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो. म्हणून गोव्यातले पेंटर जूननंतर गाडी घ्यायला कां कू करतात. आणि तिसरी गोष्ट, जी मला या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हती : साध्या एनॅमलवर ड्युको मारला तर त्याचा थिनर खालचं एनॅमल फुगवतो आणि सुरकुत्या पडतात. म्हाताऱ्याच्या गालासारख्या.

तर लेकीने मला हाक मारली. "पप्पा, इथे केस आहे."

सहा पिवळ्यांतला सगळ्यात खालचा, म्हणजे पहिला थर. त्यात एक जाड काळा केस रुतलेला. भिंगातून पाहिलं तर त्या थरावर बारीक समांतर रेघा. ब्रशच्याच. आणि त्याच्यावरचा दुसरा पिवळा थर सुरकुतलेला.

बाबांनी आम्हाला आयुष्यभर सांगितलं होतं, की गाडी घेतली त्याच आठवड्यात पणजीच्या गॅरेजात तिला ड्युको मारून टॅक्सी केली. खालून काळी, वरून पिवळी. खर्चाचा आकडासुद्धा सांगायचे.

मी आईला बोलावलं. ती काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि हसायला लागली. म्हणाली, "कसलं गॅरेज! पैसे होते कुठे? सगळे गाडीत गेले. दोन डबे एनॅमल आणले आणि रात्री याच अंगणात मारला. मी पेट्रोमॅक्स धरून उभी. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. टपापर्यंत माझाच हात पुरत नव्हता, तर त्यांनी मला पाटावर उभं केलं." मग थोडं थांबून म्हणाली, "दोन वर्षांनी खराच ड्युको मारून घेतला तर टप सुरकुतला. त्या पेंटरशी यांनी जन्मभराचं वैर धरलं. खाली एनॅमल आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं ना!"

मी त्या पेंटरला ओळखत होतो. बाबा त्याच्या दारावरून जाताना मान फिरवायचे, आणि मीही लहानपणी फिरवायचो. तो आता नाही.

कागदोपत्री शोधायला गेलो असतो तर यातलं काही मिळालं नसतं. नोंदणी पुस्तकात मालकाचं नाव, इंजिन नंबर, परमिटच्या तारखा आहेत. मी नोकरीभर असेच कागद सांभाळले. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, पण ब्रशचा केस त्यांत कुठे फाइल करणार?

मूळ रंग कोणता होता हेही पत्र्यानेच सांगितलं. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, जिथे ना ऊन गेलं ना ब्रश, तिथे तो राखाडी-निळा अजून तकतकीत आहे. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग तो. गाडीच्या तळाची गोष्ट मात्र उलटी. तिथे रंग नाही, गंजच आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. त्या वर्षांत बाबांनी फेरीबोटीवर जितका वेळ काढला तितका रस्त्यावर नसेल. खाऱ्या पाण्याने जमीन खाऊन टाकली. ती आम्ही टिनकरकडून कापून नव्या पत्र्याची करून घेतली. ते काम आमच्या हातचं नव्हतं.

वाद झाला तो पुढे. माझं म्हणणं, गाडी मूळ रंगात न्यावी. त्याला कारणही होतं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. नियम चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांची नावं घेतो. राखाडी-निळी गाडी चारचौघांत दिसायलाही देखणी. लेकीने एका वाक्यात मला गप्प केलं. "पण आजोबांची गाडी निळी कधी होती?"

खरंच की. निळी होती ती ज्याची होती त्याची. आमच्या घरात आली ती पिवळी होण्यासाठी.

मग मी जरा वाचलं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची, 'फिवा'ची, एक सनद आहे; २०१२ मध्ये संमत झालेली ही सनद 'ट्युरिन सनद' म्हणून ओळखतात. जुन्या वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. तिचा रोख असा, की नवं करण्यापेक्षा आहे ते जपा, आणि वापरताना गाडीत झालेले बदल हाही तिचा इतिहासच माना. म्हणजे नववीतली पोर आणि ट्युरिनचे तज्ज्ञ एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या बाजूला.

शेवटी ठरलं ते असं. खालून काळी, वरून पिवळी. घट्ट बसलेले थर खरवडायचे नाहीत, गंज आहे तेवढंच उघडायचं, लांबी भरून, घासून, प्रायमर मारायचा. टपावरची ती गोल खिडकी तशीच ठेवायची, वरून फक्त पारदर्शक लॅकर. या रंगात गाडी रस्त्यावर आणता येईल का हे वाहतूक खात्यात विचारावं लागेल, आणि उत्तर 'नाही' आलं तर ती अंगणातच राहील. तिथे तरी तिला परमिट लागत नाही.

कुणी मुलांना घेऊन असा उद्योग करणार असेल तर एक सांगतो. जुन्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून बंधन आहे, पण हे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासू नका. पाणी वापरा, मास्क लावा, घासलेला गाळ बागेत ओतू नका, आणि जेवण्याआधी हात साबणाने धुवा. आम्ही पहिले दोन दिवस कोरडंच घासलं, याची मला अजून टोचणी आहे.

काळा रंग पावसाआधी उरकला. तीन हात मारले, दुसरा हात थोडा दुधाळ झाला तो परत घासला. पिवळा राहिलाय. पेंटरने रंगांचं पुस्तक आणलं तेव्हा आई बाल्कांवात बसून पानं उलटत होती. हा नाही, हा फार लिंबासारखा, हा फार हळदीचा. लेकीने तिला खिडकीतला पहिला थर दाखवला. तिने मान हलवली. "हा काळवंडलाय. तेव्हा भेंडीच्या फुलासारखा होता." आता परड्यातल्या भेंडीला फूल येण्याची आम्ही वाट पाहतोय.