हिवाळ्याची बेगमी

1747 साली लंडनमध्ये पाककृतींचं एक पुस्तक निघालं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. लिहिणारी कोणी एक बाई आहे, एवढाच उल्लेख होता. हिरव्या गूजबेरी नाताळपर्यंत टिकवण्याची कृती त्यात दिली आहे. फळं कोरड्या दिवशी तोडायची. स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरून बुचं लावायची. बाटल्या गळ्यापर्यंत पाण्यात राहतील अशा भांड्यात उभ्या करून पाणी अगदी मंद उकळू द्यायचं. फळं मऊ झाली की बाटल्या बाहेर काढून त्यांची तोंडं वितळलेल्या राळेत बुडवायची, म्हणजे हवेला वाट राहत नाही. मग त्या थंड, कोरड्या जागी ठेवून द्यायच्या. साखरेचा किंवा मिठाचा एक कणही त्यात पडत नाही.

ही लेखिका म्हणजे हॅना ग्लास. डबाबंदीचे जनक म्हणून जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या फ्रान्सच्या निकोला अपेर यांचं पुस्तक आलं 1810 मध्ये, म्हणजे या कृतीनंतर 63 वर्षांनी. ग्लासबाईंचं पुस्तक पुढची कित्येक दशकं पुन्हा पुन्हा छापलं गेलं, पण त्यांच्या हाती फार काही उरलं नाही. 1754 मध्ये त्यांचं दिवाळं निघालं आणि पुस्तकाचे हक्क विकावे लागले. 1757 मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं. हे पुस्तक एका पुरुष डॉक्टरनं लिहिलं असावं, अशी वदंता लंडनच्या विद्वानांत होती. 1778 मध्ये एका प्रकाशकाच्या घरच्या जेवणात हा विषय निघाला, तेव्हा सॅम्युएल जॉन्सन यांनी त्या वदंतेवर शंका घेतली. पण बाईच्या हातून पाककलेचं चांगलं पुस्तक होणार नाही, असंही ते म्हणाले. पुस्तक ग्लासबाईंचंच, हे पक्कं ठरायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बेरी टिकवण्याच्या इतिहासात हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. विद्या तयार झाली स्वयंपाकघरात, आणि तिला नाव मिळालं दुसरीकडे.

मुळात बेरी हे फळच टिकवायला अवघड. रास्पबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांची साल पातळ, आणि वजनाच्या 85 ते 90 टक्के पाणी. तोडलेली रास्पबेरी दोन दिवसांत बुरशीला बळी पडते. हंगामही उन्हाळ्याच्या उत्तरार्धातल्या काही आठवड्यांचा. उत्तर युरोपात त्यानंतर जमीन गोठते आणि पूर्वी पुढचे पाच-सहा महिने ताजं फळ दिसत नसे. पण या फळांची एक जमेची बाजू आहे: ती आंबट असतात. जीवघेणं विष तयार करणारा बोट्युलिझमचा जंतू आंबट फळांत वाढू शकत नाही. राहतात यीस्ट आणि बुरशी, आणि ती उकळत्या पाण्यानं मरतात. ग्लासबाईंची गूजबेरी टिकली ती यामुळे. हीच रीत मटाराला किंवा मांसाला लावली असती, तर जीवावर बेतलं असतं.

उत्तरेकडच्या जंगलांत याहूनही सोपी सोय निसर्गानं करून ठेवली आहे. स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या पाइन वनांत लिंगनबेरी नावाचं लहान, लाल, तुरट-आंबट फळ येतं. ते धुवून बरणीत भरायचं, वर साधं गार पाणी ओतायचं आणि बरणी तळघरात ठेवायची. बस, वसंतापर्यंत काळजी नाही. स्वीडनमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. रशियात त्यासाठी लाकडी पिंपं असत. फिनलंडमध्ये फळं ठेचून लाकडी टोपात भरत. याचं गुपित म्हणजे लिंगनबेरीत मुळातच असलेलं बेंझोइक आम्ल. आज सरबतं आणि स्क्वॉश यांच्या बाटल्यांवर सोडियम बेंझोएट किंवा ई 211 असं छापलेलं असतं, ते याच आम्लाचं लवण. दलदलीत उगवणारी पिवळी-केशरी क्लाउडबेरी आणि उत्तर अमेरिकेतली क्रॅनबेरी यांतही ते असतं. क्रॅनबेरी तर पाण्यानं भरलेल्या पिंपांतून जहाजांवर चढवत; त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे खलाशी स्कर्व्हीपासून वाचत. यातलं रसायन कळण्याआधी शेकडो वर्षं कोणतं फळ पाण्यात टिकतं आणि कोणतं सडतं, हे उत्तरेकडच्या गावांतल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या आदिवासींनी वेगळा मार्ग काढला. बायसनचं मांस वाळवून कुटायचं, त्यात वितळलेली चरबी आणि वाळवलेल्या सॅस्कटून बेरी किंवा चोकचेरी मिसळायच्या. हे पेमिकन चामड्याच्या पिशव्यांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिके. केसाळ कातड्यांचा, म्हणजे फरचा, सगळा व्यापार त्याच्या बळावर चाले. 8 जानेवारी 1814 रोजी तिथल्याच रेड रिव्हर वसाहतीचे गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल यांनी पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली. त्यातून पेटलेला संघर्ष 1816 मधल्या सेव्हन ओक्सच्या रक्तपातापर्यंत गेला. हिवाळ्यासाठी बांधून ठेवलेल्या अन्नावर ताबा कुणाचा, यासाठी माणसं मेली.

आज बेरी टिकवायची म्हटलं की जॅम आठवतो, पण सामान्य घरांत जॅम बराच उशिरा आला. कारण साखर. पुरेशी साखर घातली की फळातलं पाणी ती धरून ठेवते आणि जंतूंना ते वापरता येत नाही. त्यासाठी फळाच्या जवळपास बरोबरीनं साखर लागते, आणि अठराव्या शतकापर्यंत साखर ही श्रीमंतांची चीज होती. ती येई कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून. 1747 मध्येच बर्लिनमध्ये आंद्रेआस मारग्राफ यांना बीटात तीच साखर सापडली. त्यांचे शिष्य फ्रान्झ आखार्ड यांनी 1801 मध्ये सायलेशियातल्या कूनर्न इथे बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीनं या धंद्याला बळ दिलं. इंग्लंडनं 1874 मध्ये साखरेवरचा कर उठवला आणि गिरणीकामगाराच्या पावावरही जॅम दिसू लागला.

साखर आली तशी पद्धतींवरून घराघरांत वादही सुरू झाले. टॉलस्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’त असा एक प्रसंग आहे. लेव्हिनच्या घरची जुनी कारभारीण अगाफ्या मिखाइलोव्हना जॅममध्ये पाणी घालणारी. नवी सून किटी माहेरची बिनपाण्याची रीत घेऊन आलेली. अगाफ्या गुपचूप स्ट्रॉबेरीत पाणी घालते आणि पकडली जाते. मग रास्पबेरीचा जॅम सगळ्यांसमक्ष, नव्या रीतीनं शिजवला जातो. किटीची आई अगाफ्याला एक युक्तीही सांगते: बरणीच्या तोंडाशी रममध्ये भिजवलेला कागद ठेवला, की बर्फाशिवायही बुरशी येत नाही. 1870 च्या दशकातल्या रशियन घरात टिकवण्याचं काम बर्फाच्या तळघराकडून साखर आणि मद्याकडे कसं सरकत होतं, ते या एका प्रसंगात स्पष्ट दिसतं. त्याच काळात येलेना मोलोखोव्हेत्स यांचं तरुण गृहिणींसाठीचं पुस्तक रशियाभर पोचत होतं. 1861 मध्ये ते पहिल्यांदा निघालं आणि 1917 पर्यंत त्याच्या जवळपास 3 लाख प्रती खपल्या. त्यात मुरंबे, सरबतं आणि वर्षभराच्या साठवणीच्या कृतींना मोठी जागा आहे.

बिनसाखरेच्या बाटलीकडे मात्र त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुरुषांचंही लक्ष गेलं होतं. 1807 मध्ये थॉमस सॅडिंग्टन यांनी साखरेशिवाय फळं टिकवण्याची रीत लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे मांडली आणि त्यांना पाच गिनींचं बक्षीस मिळालं. ती रीत ग्लासबाईंच्या बाटलीहून फार दूर नव्हती. पॅरिसचे मिठाईवाले अपेर मात्र खरोखर पुढे गेले. 1795 च्या सुमारास त्यांनी प्रयोग सुरू केले आणि फळांबरोबर भाज्या, मांस, दूध, रस्से असं सगळं शॅम्पेनच्या जाड बाटल्यांत भरून उकळून पाहिलं. प्रत्येक पदार्थाला किती वेळ लागतो, याच्या नोंदी ठेवल्या. फ्रेंच सरकारनं त्यांना 12,000 फ्रँक दिले ते रीत जाहीर करण्याच्या अटीवर. अन्न का टिकतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. जंतूंचा उलगडा लुई पाश्चर यांनी केला, तो अपेर यांच्या मृत्यूनंतर जवळपास दोन दशकांनी.

खरी अडचण होती झाकणाची. बूच सुटे, राळ तडके, आणि एक बाटली बिघडली की महिनाभराची मेहनत वाया जाई. 30 नोव्हेंबर 1858 रोजी अमेरिकेतले पत्र्याचे कारागीर जॉन लँडिस मेसन यांनी आटे असलेल्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. जस्ताचं झाकण फिरवलं की बरणी घट्ट बंद, आणि तीच बरणी पुढच्या वर्षीही चाले. या बरण्यांवर बॉल बंधूंसारख्या उत्पादकांचे मोठे कारखाने उभे राहिले. मेसन यांचा मात्र 1902 मध्ये गरिबीत अंत झाला. जर्मनीत रसायनतज्ज्ञ रुडॉल्फ रेम्पेल यांनी रबरी कडी आणि काचेचं झाकण असलेली बरणी शोधली आणि 1892 मध्ये पेटंट मिळवलं. पुढच्याच वर्षी ते वारले. तो हक्क योहान वेक यांनी विकत घेतला. 1 जानेवारी 1900 रोजी त्यांनी बाडेन प्रांतातल्या ओफ्लिंगेन गावी कंपनी काढली. फळबागांच्या त्या मुलखात कट्टर शाकाहारी वेक यांना लोकांनी फळांची दारू गाळण्याऐवजी ती टिकवावीत असं वाटे. स्ट्रॉबेरीच्या आकृतीवर कोरलेलं वेकचं नाव आजही त्या बरण्यांवर आहे.

ही घरगुती विद्या किती मोलाची आहे, हे सरकारांना युद्धात कळलं. जानेवारी 1940 मध्ये ब्रिटनमध्ये साखर रेशनवर गेली. त्या वर्षी फळं मात्र अमाप आली. विमेन्स इन्स्टिट्यूट या ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेनं सरकारकडून साखर मिळवली आणि शाळा, सभागृहं, शेतघरं अशी जागा मिळेल तिथे चुली पेटवल्या. अमेरिकेहून डबाबंदीची यंत्रं भेट आली. 1940 ते 1945 या काळात या केंद्रांनी 5,300 टनांहून अधिक फळं टिकवली. 1941 मध्ये जॅमही रेशनवर आला आणि या बायकांनी शिजवलेला जॅम देशाच्या शिधावाटपात जाऊ लागला. संत्री येणं बंद झालं, तेव्हा ब्लॅककरंटचं सरबत लहान मुलांना मोफत वाटलं गेलं. एरवी फावल्या वेळचा उद्योग समजलं जाणारं काम देशाच्या अन्नसुरक्षेचा भाग बनलं.

पुढची पायरी थंडीची. क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी 1912 नंतर लॅब्राडोरमध्ये पाहिलं, की कडाक्याच्या थंडीत झटक्यात गोठलेले मासे नंतर ताज्यासारखे लागतात. हळू गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात. वेगानं गोठलं की स्फटिक बारीक राहतात. 6 मार्च 1930 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्यांचा गोठवलेला माल विक्रीला आला, त्यात बेरीही होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रीझर घरात आला. स्वीडन-फिनलंडमध्ये कुणाच्याही मालकीच्या जंगलात बेरी वेचण्याचा हक्क सर्वांना आहे. वेचलेलं फळ आता बहुतेक घरी फ्रीझरमध्ये जातं.

कोकणात बेगमी होते ती थंडीची नसून पावसाची. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांत रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवतात, तेव्हा आमसुलं होतात. रसात मीठ घालून आगळ, साखर घालून अमृत कोकम. आंबटपणा, मीठ, साखर, ऊन: मार्ग तेच, ऋतू वेगळा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर ऐन हिवाळ्यात येते आणि तिचा जॅम वर्षभर पुरतो.

आपल्याकडेही हे लिहून ठेवणाऱ्या बायका झाल्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये आलं, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये. तरीही आगळात मीठ किती, आमसुलांना पुटं किती, करवंदं कोणत्या दिवसांत तोडायची, याचं उत्तर वाडीगणिक बदलतं आणि त्यातलं फार थोडं कागदावर आहे. ज्यांच्या घरी हे अजून केलं जातं, त्यांनी यंदाच्या आगोटीला करणारीच्या शेजारी बसून प्रमाण, दिवस आणि क्रम लिहून घ्यावा, आणि कृतीखाली तिचं नाव घालावं.