'ओआरएस' लिहिलेलं प्रत्येक पाकीट ओआरएस असतं का?

जुलाब लागलेल्या बाळाला ओआरएस द्यायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा होतो तो मेडिकलमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या आधाराने आतडं सोडियम शोषतं, त्यापाठोपाठ पाणी. साखर जास्त झाली की उलटं होतं: पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. तरीही गोड टेट्रापॅक पेयं वर्षानुवर्षं याच नावाने खपली! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. पुडी अर्धी वापरू नका, पाणी लिहिलंय तेवढंच. अंगावरचं दूधही सुरूच ठेवा.