साखरेचे चिनी अक्षर

इंदापूर तालुक्यातील मौजे कळंबच्या शिवारात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, शेठ वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात साखर कारखाना उभारला व त्याभोवती वालचंदनगर वसले. परंतु ज्या विद्येवर ही वसाहत पोसली, तिच्या प्राचीन प्रवासाची एक साक्ष दूरच्या चिनी लिपीत सापडते.

साखरवाचक ‘थांग’ या अक्षराचे दोन अवयव आहेत: डावीकडे अर्थसूचक असे तांदळाचे चिन्ह, आणि उजवीकडे थांग राजघराण्याच्या नावाचे, परंतु येथे केवळ उच्चार दाखविणारे चिन्ह. उसाच्या पदार्थास तांदळाचे चिन्ह लाभावे याचे कारण असे की, चिनी लोक पूर्वी मोड आणलेल्या धान्यापासून गोड पाक काढीत, आणि हे अक्षर मूळ त्या पाकाचे होते. पुढे इ. स. ६४७ च्या सुमारास सम्राट थाइत्सुंगने मगधात माणसे धाडून उसाचा रस आटविण्याची कृती मिळविली, यांगचौ येथून ऊस रुजू करण्याचे फर्मान काढले, आणि कालांतराने ते जुनेच अक्षर नव्या शर्करेच्या नावे कायम झाले.

तात्पर्य, साखर करण्याची ही विद्या चीनने भरतखंडाकडून घेतली, हे थांग घराण्याच्या अधिकृत इतिहासातच नमूद आहे.